रडण्याआधीचे दिवस: जपानी शाळकरी भावनाट्यं पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीने विचारलं, "दादा, ॲनिमे बघायचंय, पण मारामारी नको. मनाला लागेल असं काहीतरी सांग." मी पटकन 'क्लॅनाड' या जपानी ॲनिमेशन मालिकेचं नाव सांगून मोकळा झालो. तिने चार भाग पाहिले आणि सोडून दिलं. "सगळ्या मुलींचे डोळे बशीएवढे, एक मुलगी लाकडाच्या चांदण्या कोरत बसते, पोरं नुसती टिंगल करतात. यात रडण्यासारखं काय आहे?" असं ती म्हणाली. तिची काही चूक नव्हती. माझ्या आवडीच्या गावाचं नाव मी सांगितलं होतं, तिथे जायचा रस्ता सांगितला नव्हता. तो रस्ता या लेखात सांगतो आहे.

हा प्रकार नेमका कोणता, ते आधी सांगतो. नायक-नायिका पंधरा ते अठरा वर्षांच्या. शाळा, शाळेतला एखादा क्लब, न बोललेलं प्रेम, मागे कुठेतरी राहून गेलेली एक जखम, आणि शेवटाकडे डोळे भरून येणं. डोरेमॉन, शिनचॅन हिंदीतून पाहत मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या पिढीला जपानी कार्टून नवं नाही, पण त्याच देशातली ही दुसरी परंपरा अनेकांच्या वाट्याला येतच नाही. आली तरी 'सर्वात जास्त रडवणारे दहा ॲनिमे' अशा यादीतून येते. माझ्या मते ती सगळ्यात वाईट वाट आहे. कोणीतरी मरणार आहे हे आधीच कळलं की आपण मालिका पाहत नाही, नुसती मृत्यूची वाट बघत बसतो.

मालिका रडवते की नाही, ही माझ्या लेखी तिची परीक्षा नाहीच. रडवणं सोपं असतं, त्याला पियानो आणि पाऊस पुरतो. रडण्याआधीचे साधे दिवस किती खरे झाले आहेत, तिथे मालिका चांगली की वाईट ते ठरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या ते दिवस पाहायला शिकण्यासाठी आहेत.

पायरी पहिली: ही शाळा आपली शाळा नाही

महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की दहावीपर्यंतची शाळा डोळ्यांसमोर येते. जपानी हायस्कूल म्हणजे साधारण आपली दहावी, अकरावी आणि बारावी. सक्तीचं शिक्षण त्याआधीच, नऊ वर्षांत संपतं, आणि हायस्कूलला बहुतेकांना प्रवेशपरीक्षा देऊन जावं लागतं. आपल्याकडे याच वयात दहावीचा वर्ग फुटतो, कोणी सायन्सला, कोणी कॉमर्सला, कोणी डिप्लोमाला जातो. ज्युनिअर कॉलेजच्या वर्गात हजेरीपुरतं बसायचं आणि खरा अभ्यास क्लासमध्ये करायचा, अशी दोन वर्षं जातात. जपानी मुलांच्या आयुष्यात नेमकं त्याच वेळी नवा गणवेश, नवे चेहरे आणि तीन वर्षांचा सहवास येतो. वर्ग एका खोलीत बसून राहतो आणि शिक्षक येतात-जातात. खोली मुलंच झाडतात. शाळा सुटल्यावर घरी पळायचं नसतं, क्लब असतो: बँड, नाटक, बास्केटबॉल, खगोल. मोठी माणसं फारशी दिसत नाहीत, कारण मुलांचा दिवस खरोखरच एकमेकांबरोबर जातो. आपल्या सोळाव्या वर्षात जे घडायला जागाच नव्हती, ते इथे पडद्यावर घडत असतं. या मालिकांची आपल्याला ओढ वाटते त्यामागे हे मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. चेरीची फुलं देशाच्या बऱ्याच भागात याच सुमारास येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गळून जातात. त्यामुळे पडद्यावर पाकळी दिसली की जपानी प्रेक्षकाला भेट आणि निरोप दोन्ही एकदम आठवतात. नंतर सिकाडा किड्यांची किरकिर आणि आतषबाजीची उन्हाळी सुट्टी, शरदातला 'बुनकासाई' म्हणजे शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, थंडी, आणि मार्चमधला निरोपसमारंभ. त्या समारंभात मुलगी मुलाकडे त्याच्या गणवेशाचं दुसरं बटण मागते, कारण ते हृदयाच्या सगळ्यात जवळचं मानतात. हे ठाऊक असलं की दुसरं बटण नसलेला गणवेश दिसताच न सांगितलेलं कळतं. आपल्याकडे पडद्यावर दारावरचं तोरण दाखवलं की घरात काय चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही, तसंच हे.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. प्रवेशद्वाराशी बूट बदलायचे खण असतात, चिठ्ठ्या तिथेच ठेवल्या जातात. गच्चीवर एकटं बसून डबा खाणारा नायक मात्र बराचसा पडद्यावरचाच, खऱ्या शाळांच्या गच्च्या बहुधा कुलूपबंद असतात. ती गच्ची रंगमंचावरच्या झाडासारखी समजा.

नवख्यांना सर्वात जास्त छळतो तो 'कोकुहाकु'. "तू मला आवडतेस, माझ्याबरोबर राहशील का?" असं समोर उभं राहून स्पष्ट बोलणं. तिथे नातं सुरू होतं ते सहसा या वाक्यापासून, आधीच्या हळूहळू वाढत गेलेल्या जवळिकीपासून नाही. म्हणून एका वाक्यासाठी पंधरा भाग जातात. "बोलून का टाकत नाही हा?" असं तुम्हाला वाटेल, पण बोलून झाल्यावर मागे फिरता येत नाही हे त्या मुलाला पक्कं माहीत असतं.

पायरी दुसरी: पहिली निवड छोटी करा

एक संध्याकाळ हाताशी असेल तर 'अ सायलेंट व्हॉइस' (2016). दिग्दर्शन नाओको यामादा यांचं, निर्मिती क्योटो ॲनिमेशनची, मूळ सात खंडांची मांगा (जपानी चित्रकथा) योशितोकी ओइमा यांची. प्राथमिक शाळेत शोया नावाचा मुलगा वर्गातल्या बहिऱ्या शोकोचा छळ करतो आणि तिची श्रवणयंत्रं मोडतो. ती शाळा सोडते आणि मग वर्ग त्यालाच वाळीत टाकतो. हायस्कूलमध्ये तो सांकेतिक भाषा शिकून तिला भेटायला जातो, तिथून पुढे गोष्ट. शोया लोकांच्या नजरेला नजर देऊ शकत नाही म्हणून सगळ्यांच्या चेहऱ्यांवर निळ्या फुल्या दिसतात. त्यातली एखादी कधी गळून पडते ते बघत राहा, सिनेमाचं निम्मं कथानक त्या फुल्यांत आहे. सात खंड सव्वादोन तासांच्या आत बसवल्याने शोयाच्या मित्रमंडळींपैकी काही जण अर्धवट वाटतात, तेवढं धरून चला.

शनिवार-रविवार मोकळा असेल तर 'आनोहाना' (2011). अकराच भाग, सगळे मिळून चारेक तास. दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, लेखिका मारी ओकादा. लहानपणी सहा जणांची टोळी असते, त्यातली मेन्मा अपघातात जाते आणि टोळी फुटते. काही वर्षांनी, हायस्कूलला नाव घालूनही शाळेत न जाणाऱ्या जिंतानला ती दिसायला लागते आणि एक इच्छा पुरी कर म्हणते. गोष्ट साइतामा प्रांतातल्या चिचिबूमध्ये घडते. ओकादा त्याच गावच्या, आणि स्वतः वर्षानुवर्षं शाळेत जाऊ न शकलेल्या. म्हणूनच दुपारी घरात बसलेल्या मुलाला बाहेर शाळेचा गणवेश दिसला की पोटात कसा गोळा येतो, ते या मालिकेत इतकं नेमकं आलं आहे. टोळी ज्या घरगुती रॉकेटच्या मागे लागते, तेही हवेतून आलेलं नाही. चिचिबूच्या योशिदा भागात 'र्‍युसेई' नावाची गावरान रॉकेटं उडवायची जुनी प्रथा आहे.

दोन आठवडे असतील तर 'युअर लाय इन एप्रिल' (2014-15), 22 भाग. यातली मुलं खरं तर हायस्कूलच्या एक पायरी खाली, माध्यमिकच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची आहेत. पण मन याच घराण्याचं. आई गेल्यानंतर कोसेईला स्वतःच्या पियानोचा आवाज ऐकू येईनासा होतो आणि काओरी नावाची व्हायोलिनवादक त्याला ओढून पुन्हा मंचावर आणते. बेथोव्हेन, सेंट-सान्स, शोपाँ यांच्या रचना बऱ्याच लांबीने वाजतात. हेडफोन लावूनच पाहा.

कुठे पाहायचं? क्रंचिरोल आणि नेटफ्लिक्सवर यांतलं बरंच काही येत-जात असतं, हक्क बदलतात तसं. त्या दिवशी शोधून घ्या. चोरट्या साइट्सवर जाऊ नका. तिथली सबटायटलं बऱ्याचदा इतकी कच्ची असतात की पुढच्या-मागच्या पायऱ्यांवरचं सगळं वाया जातं.

पायरी तिसरी: मग क्लॅनाड, आणि घाई न करता

मी बहिणीला हे आधी द्यायला नको होतं. ही चढण आहे, आणि पाय थोडे तयार झाल्यावरच चढायची.

'क्लॅनाड' मुळात एक व्हिज्युअल नॉव्हेल. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, मागे संगीत, आणि मधेमधे तुमची निवड. निवडीप्रमाणे गोष्ट एकेका पात्राच्या दिशेने जाते. 'की' (Key) नावाच्या स्टुडिओने 1999 मध्ये 'कानोन', 2000 मध्ये 'एअर' आणि 2004 मध्ये 'क्लॅनाड' आणलं. अशा गेमना जपानीत 'नाकिगे' म्हणतात, रडवणारा गेम. यांची घडण ठरलेली असते: आधी भरपूर हसवायचं, मग माया लावायची, मग घाव. क्योटो ॲनिमेशनने दिग्दर्शक तात्सुया इशिहारा यांच्याबरोबर 2005 मध्ये 'एअर', 2006 मध्ये 'कानोन' आणि 2007 मध्ये 'क्लॅनाड' पडद्यावर आणलं, ते ही घडण न मोडता. म्हणून पहिले भाग थट्टामस्करीचे आहेत, आणि म्हणूनच एकामागून एक मुलींच्या गोष्टी येतात. गेममध्ये त्या वेगवेगळ्या वाटा होत्या, मालिकेत त्या एका रांगेत लावल्या आहेत. हे कोणी आधी सांगितलं नाही तर नवख्याला वाटतं की नायकाभोवती उगीच मुलींचा घोळका जमवलाय.

एक सावधगिरी. 2007 मध्येच याच नावाचा सिनेमाही आला, तो तोएई ॲनिमेशनचा, ओसामू देझाकी यांचा. मी म्हणतो ती मालिका आहे. 'कानोन'चीही 2002 मध्ये तोएईची वेगळी आवृत्ती झालेली आहे. शोधताना साल बघा.

आता मालिका. तोमोया ओकाझाकी तिसऱ्या वर्षात आहे, उशिरा येतो, वर्गात झोपतो, उनाड म्हणून बदनाम आहे. आई लहानपणीच गेली. बापाशी झालेल्या भांडणात खांदा जायबंदी झाला, बास्केटबॉल सुटला. या गावाचा त्याला तिटकारा आहे. एका सकाळी शाळेच्या चढावर, चेरीच्या झाडांखाली, एक मुलगी अडून उभी असते. पाय पुढे टाकायला स्वतःलाच धीर देत ती पुटपुटते, "अनपान!" म्हणजे गोड पुरण भरलेला पाव. ही नागिसा. आजारपणात वर्ष गेलं, ती पुन्हा तिसऱ्या वर्षातच आहे आणि तिच्या मैत्रिणी केव्हाच शाळा सोडून गेल्या आहेत. आवडत्या खाऊचं नाव घेतलं की एक पाऊल पुढे पडतं. घाबरलेल्या माणसाचं इतकं खरं चित्र मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे. मालिका नीट पाहायची तर हा पहिला चढ दोनदा पाहा.

नागिसाचे आईवडील बेकरी चालवतात. आई सानाए विचित्र पाव भाजते, ते कोणी घेत नाही, बाप आकिओ ओरडत धावतो. पहिल्या चार भागांत हे निव्वळ विनोद वाटतात. ते विनोद मनात साठवून ठेवा. या घरात जेवायला बसलेला तोमोया पहिल्यांदा घर म्हणजे काय ते पाहत असतो, आणि दिग्दर्शक ते कुठेही बोलून दाखवत नाही.

मुख्य कथा पहिल्या मालिकेत 22 भागांची आणि 'आफ्टर स्टोरी'त (2008-09) पुन्हा 22 भागांची. या प्रकारातल्या बहुतेक गोष्टी निरोपसमारंभाशी थांबतात. 'आफ्टर स्टोरी' थांबत नाही. शाळा संपते, तोमोया विजेच्या कामावर लागतो, खांबांवर चढतो, दुखऱ्या खांद्याने घरी येतो, पगारात महिना कसा भागवायचा ते बघतो. शाळेच्या दिवसांना किंमत येते ती इथे. पुढे 18व्या भागात एक रेल्वेप्रवास आहे, आणि एक फुलांचं शेत. काय होतं ते सांगणार नाही. एवढंच सांगतो की तिथे जे कोसळतं ते त्या एका भागामुळे कोसळत नाही. आधीच्या चाळीसेक भागांतले पाव, विनोद, चढ, बापाचं मौन, सगळं तिथे वसूल होतं. मी तो भाग पुण्यात भाड्याच्या खोलीत पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन केला. आम्ही बोललो फक्त गावाकडच्या पावसाबद्दल.

म्हणून वेग सांभाळा. दिवसाला एक भाग, फार तर दोन. आठवड्याला एक भाग अशा रीतीने सहा-सहा महिने पाहिली जाईल या हिशोबाने ती बांधलेली आहे. एका रात्रीत दहा भाग ओढले तर दुःख राहतं आणि दिवस निसटतात. आणि शेवटचं गाणं गाळून पुढे जाऊ नका. पहिल्या मालिकेच्या भागांअखेर येणारं डांगोच्या (तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांच्या) कुटुंबाचं बालगीत सुरुवातीला बाळबोध वाटतं, पण 'आफ्टर स्टोरी'पर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो. ते लिहिणारे आणि त्याला चाल लावणारे जुन माएदा मूळ गेमचेही प्रमुख लेखक, त्यामुळे गाणं आणि गोष्ट एकाच हाताने विणलेली आहेत.

पायरी चौथी: नावं ऐका

जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल, असं पाहायचा आग्रह मी धरतो. मराठी माणसाला यात एक मोठा फायदा आहे, तो वाया घालवू नका. आपल्याला 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतला फरक रक्तातच कळतो. इंग्रजी सबटायटलला तो सांगता येत नाही.

ऐकायचं काय? आडनावाने हाक म्हणजे अंतर. आडनावापुढे 'सान' म्हणजे रीतीपुरता आदर. 'कुन' सहसा मुलांना, 'चान' लाडाने. नुसतं पहिलं नाव, तेही मागे काही न लावता, म्हणजे फार जवळचं. ज्या भागात आडनावावरून पहिल्या नावावर उडी पडते तिथे बरेचदा मोठं काहीतरी घडलेलं असतं, आणि सबटायटलमध्ये त्याचा मागमूस नसतो. 'आनोहाना'त लहानपणची टोपणनावं आणि मोठेपणची आडनावं यांतली ओढाताण हीच अर्धी गोष्ट आहे. जिंतानला 'यादोमी' म्हणून हाक मारणारा जुना मित्र काय सांगतोय, ते कानांनीच कळतं.

'क्लॅनाड'मध्ये तोमोयाचा बाप मुलाला 'तोमोया-कुन' म्हणतो. शेजारच्या मुलाशी बोलावं तसं, हसून, सौजन्याने. आपल्या घरात अरेतुरे करणारा बाप एके दिवशी मुलाला अहोजाहो करू लागला तर कसं वाटेल? तोमोया घरी का थांबत नाही ते या एका हाकेत आहे. पहिल्यांदा पाहताना मला ते ऐकूच आलं नव्हतं.

आणि 'अ सायलेंट व्हॉइस'मधला तो क्षण. शोको सगळं बळ एकवटून आवाजाने म्हणते, "सुकी." तू मला आवडतोस. तिचा उच्चार अस्पष्ट, शोयाला ऐकू येतं "त्सुकी," म्हणजे चंद्र. तो वर चंद्राकडे बघतो. कोणत्याही डबिंगमध्ये हा प्रसंग पुरता उतरवणं अवघड आहे.

पायरी पाचवी: खटकेल तिथे मान फिरवू नका

या मालिकांवर माझं प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांचे दोष मला जास्त बोचतात.

सर्वात मोठा दोष आजारी मुलीचा. तिला एक आजार असतो, बहुधा नाव नसलेला. ती फिकट होते, सुंदर राहते, खोकल्याचा आवाजही गोड असतो. उलट्या नाहीत, चिडचिड नाही, बिलं नाहीत, रात्री उशाशी बसून थकलेले नातेवाईक नाहीत. मग ती जाते आणि मुलगा काहीतरी शिकतो. ज्याने घरात खरं दुखणं काढलं आहे त्याला हे पाहवत नाही, आणि ते बरोबरच आहे. अशी मालिका समोर आली की मी तीन प्रश्न विचारतो. या मुलीला नायकाशी संबंध नसलेली एखादी इच्छा आहे का? ती कधी कोणावर रागावते का, अगदी अन्यायाने? नायक खोलीत नसताना ती काय करते हे आपल्याला दिसतं का? तिन्हींची उत्तरं 'नाही' आली तर ती मुलगी माणूस नाही, मुलाच्या पायाखालची पायरी आहे. 'की' स्टुडिओच्या जुन्या कथाही या परीक्षेत प्रत्येक वेळी पास होत नाहीत. नागिसा पास होते असं मी मानतो, कारण नाटकाचा क्लब उभा करायची जिद्द तिची स्वतःची आहे, आणि तिचा संकोच, तिचं अपराधीपण कुणाला शिकवण्यासाठी रचलेलं नाही. पण यावर माझ्याशी भांडणारे मित्र आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी खोडू शकलेलो नाही.

दुसरा दोष माफीचा. 'युअर लाय इन एप्रिल'मध्ये कोसेईची आई त्याला मारते, रक्त येईपर्यंत. पुढे तिच्या मनात काय होतं ते उलगडतं आणि संगीत आपल्याला हळूच तिच्या बाजूला नेऊन बसवतं. तिचं दुःख खरं आहे. पण मूल तेव्हा लहान होतं आणि मार खात होतं, हेही तितकंच खरं, आणि मालिका त्यावरून फार लवकर पुढे सरकते. त्याच मालिकेत काओरी कोसेईला लाथा-बुक्क्या घालते ते विनोद म्हणून, एकाच गोष्टीत मार दोन रंगांत. 'अ सायलेंट व्हॉइस'मध्येही शोको सतत "माफ करा" म्हणत राहते, जणू छळ झाला तो तिच्यामुळेच. सिनेमाला हे कळलेलं आहे, असं मला दुसऱ्यांदा पाहताना वाटलं. तरी मधल्या तासात कॅमेरा शोयाच्याच खांद्यावरून बघतो आणि तिच्या मनापर्यंत पोचायला आपल्याला उशीर होतो. बहिऱ्या प्रेक्षकांनी त्यावर राग धरला तर तो समजण्यासारखा आहे.

तिसरा, संगीताचा धाक. 'आनोहाना'चा शेवटचा भाग पाहा. पाचही जण गळा काढून रडतात, एकाच वेळी, बराच वेळ, आणि त्यावर शेवटचं गाणं. मला तिथे रडू आलं, आणि तरी वाटलं की आधीच्या भागांत दोघं जे अर्धवट बोलले होते ते जास्त खोल होतं. कोणत्या भागात कोणी न रडताही तुमचा घसा दाटला, ते आठवा. बहुधा तेच भाग जास्त चांगले असतात.

बाकीचे दोष पटकन सांगतो: दोन वाक्यांत मिटला असता असा गैरसमज तीन भाग ताणणं, मुलींच्या गणवेशाकडे अकारण वळणारा कॅमेरा, आणि अगदी शेवटी चमत्कार घडवून सगळा घाव पुसून टाकणं. शेवटच्या मुद्द्यावर 'आफ्टर स्टोरी'च्या चाहत्यांत दोन तट आहेत. तुम्ही कुठल्या तटात, ते पाहून झाल्यावर कळेल.

एक गोष्ट मात्र दोषांच्या रांगेत टाकून पुढे जाववत नाही. जपानीत 'सेइशुन' असा शब्द आहे, अक्षरशः 'निळा वसंत', म्हणजे तारुण्य. या मालिका पुन्हा पुन्हा सांगतात की हाच वसंत आयुष्यातला सर्वात उजळ काळ, नंतर नुसती आठवण. ज्याचं सोळावं वर्ष छळात, गरिबीत किंवा अभ्यासाच्या भीतीत गेलं, त्याला हे ऐकताना आपलं आयुष्य सुरू होण्याआधीच संपलं असं वाटू शकतं. जपानमध्येही शाळेत न जाणाऱ्या मुलांचा प्रश्न मोठा आहे, आणि ओकादांसारख्या लेखिका तो प्रश्न घेऊनच लिहायला आल्या. म्हणून निव्वळ गोड मालिकांची रांग लावू नका. मधे एखादी अशी घ्या जिच्यात शाळा कोणाला तरी नकोशी आहे.

पायरी सहावी: जड विषय आधी पाहून घ्या

'अ सायलेंट व्हॉइस'मध्ये आत्महत्येचा प्रयत्न थेट दिसतो. मात्सुमोतो शहरात घडणारी 'ऑरेंज' (2016) तर त्याच विषयाभोवती उभी आहे. दहा वर्षांनंतरच्या स्वतःकडून एका मुलीला पत्रं येतात आणि वर्गातल्या नव्या मुलाला वाचवायचं असतं. घरातलं मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर आधी स्वतः पाहा, मग शेजारी बसून दाखवा आणि मधे थांबवून बोला. कार्टून आहे म्हणून मुलांच्या हाती एकटं देऊ नका. पाहताना स्वतःचंच काही उसवलं तर बंद करा. टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

पायरी सातवी: नंतर हवा बदला

लागोपाठ दोन रडवणाऱ्या मालिका कधीही घेऊ नका. मधे 'स्किप अँड लोफर' (2023) ठेवा, बाराच भाग. इशिकावाच्या समुद्रकाठच्या आडगावातली मित्सुमी हुशार म्हणून टोकियोच्या हायस्कूलला येते आणि पहिल्याच दिवशी लोकल गाड्यांत वाट चुकते. गावाकडून मुंबई-पुण्याला शिकायला आलेल्या कोणालाही ती सकाळ लगेच ओळखू येईल. इथे कोणी मरत नाही. मोठी माणसं हजर आहेत, आत्या घरी वाट बघते, गैरसमज होतात आणि माणसं बोलून ते मिटवतात. तरी सातव्या-आठव्या भागाच्या सुमारास डोळे ओले होतात, आणि नेमकं कशामुळे ते चटकन सांगता येत नाही.

मावसबहिणीला यावेळी मी हाच क्रम दिला. आधी सिनेमा, मग चिचिबूची टोळी, मग मित्सुमी, आणि त्यानंतर पुन्हा तो चेरीचा चढ. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला. क्लॅनाडचा नववा भाग संपला होता. "दादा, त्या लाकडाच्या चांदण्या आत्ता कळल्या." मी लिहिलं, दहावा आज लावू नकोस, उद्या बघ.